विद्येचे ऋण आणि पदवीचे धन

बारावीचा निकाल हाती आला, की ज्या घरातील मुलाला वा मुलीला गणिताची खरी गोडी आहे, त्या घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो. गणिताची पदवी घेऊन पुढे काय? तिच्यासाठी कर्ज काढावे लागले, तर ते फिटणार कशातून? या प्रश्नाला आपल्या समाजात दोन प्रकारची उत्तरे मिळतात. विद्या ही सरस्वतीची उपासना, तिला पैशांच्या तराजूत घालणे हे पाप, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, की पोट भरल्यावाचून उपासना सुचत नाही. जेथे मिळकत अधिक तेथेच मुलाला घालावे. आमच्या मते दोन्ही पक्ष प्रश्नाच्या अर्ध्या भागाशीच बोलत आहेत.

प्रथम हिशेबाविषयी. हिशेब करणे हे हलके काम आहे, ही समजूत निदान गणिताच्या बाबतीत तरी टिकणारी नाही. इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचणाऱ्या ब्रह्मगुप्ताने अधिक व उणे संख्यांना ‘धन’ व ‘ऋण’ हीच नावे योजिली. शून्यातून ऋण वजा केले असता धन होते, हा नियम त्याने सांगितला तो संसारातील देण्याघेण्याच्याच भाषेत. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त मुद्दल आणि व्याज यांची उदाहरणे आहेत. आमच्या पूर्वजांना विद्येचे पावित्र्य आणि व्याजाची आकडेमोड एकाच पोथीत ठेवताना संकोच वाटला नाही. आपणही तो बाळगू नये.

तेव्हा आकडे मांडूनच पाहू. समजा, पाच लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले आणि दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले. दरमहा हप्ता सुमारे ६,६१० रुपये येतो आणि एकूण फेड सुमारे ७ लाख ९३ हजारांची होते. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत पंधरा वर्षांची करून घेतली, तर हप्ता सुमारे ५,३७० रुपयांवर उतरतो. परंतु एकूण फेड ९ लाख ६७ हजारांच्या घरात जाते. महिन्याला साडेबाराशे रुपयांचा दिलासा पावणेदोन लाखांना पडतो. शिक्षण चालू असता साचणारे व्याज वेगळेच. बँक शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता मागत नाही, म्हणून व्याजही थांबते, असे समजणारे पालक पुष्कळ आहेत. ज्या विषयाची पदवी घ्यावयाची, त्याच विषयाने सही करण्यापूर्वी हे गणित सोडविले पाहिजे.

आता मिळकतीची बाजू. गणिताची पदवी अभियांत्रिकीप्रमाणे थेट एखाद्या व्यवसायाच्या दारात नेऊन सोडीत नाही. शाळेत शिकवावयाचे तर शिक्षणशास्त्राची पदवी लागते. महाविद्यालयात शिकवावयाचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा. त्यानंतरही कायम जागा न मिळाल्यामुळे तासिका तत्त्वावर वर्षामागून वर्षे काढणारे प्राध्यापक आपण पाहतो. विमा, बँका, संख्याशास्त्र, संगणक या क्षेत्रांत गणितज्ञाला चांगले वेतन मिळते; पण तेथेही बहुधा आणखी काही शिकावे लागते. थोडक्यात, या पदवीचे फळ उशिरा येते, आणि कर्जाचा हप्ता मात्र उशीर जाणत नाही. म्हणून जवळच्या अनुदानित महाविद्यालयात अल्प शुल्कात गणित शिकणे आणि परदेशी विद्यापीठासाठी घर तारण ठेवून तेच शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत बुद्धीची परीक्षा आहे, दुसरीत घराचीही.

परंतु येथवर आपण केवळ व्यवहार पाहिला. नीतीचा प्रश्न याच्या पुढे आहे. कर्ज नुसते पैसे मागत नाही. ते कर्जदाराच्या वतीने निवड करू लागते. गणितात रमणारा तरुण आपल्या गावच्या शाळेत शिकविण्याची इच्छा धरून शिकला, तरी पहिल्या हप्त्याच्या दिवशी त्याची इच्छा आणि त्याचे वेतन यांचा मेळ बसत नाही. मग तो जेथे अधिक मिळते तेथे जातो. त्याला दोष देता येणार नाही. पण गावच्या शाळेत फळ्यासमोर जो उभा राहावयाचा तो राहिला नाही, ही हानी कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

आपल्या परंपरेने मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानले आहे : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. बँकेचे कर्ज आणि हे ऋण यांना आपण एकच शब्द वापरतो. कोंकणीतही ‘रीण’ हाच. पण दोहोंचा स्वभाव उलट आहे. बँकेचे कर्ज फिटले की संबंध संपतो. ऋषिऋण फेडू लागले की संबंध सुरू होतो, कारण ते मागे परत करता येत नाही, पुढच्या पिढीलाच द्यावे लागते. पहिल्या ऋणाने बांधलेल्या माणसाला दुसऱ्या ऋणाचा उपदेश करणे, हा आमच्या मते क्रूरपणा आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८८४ मध्ये गणित घेऊन पदवी मिळविली. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, आणि त्याच काळात, १८९६ मध्ये, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले; ते गणिताचे अध्यापक. हातोहात फिरताना नाणे झिजते, ही साधी गोष्ट धरून त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली आणि त्या वजनांवरून इतिहासाचा कालक्रम लावण्याचा मार्ग दाखविला. या पदव्यांची ‘मिळकत’ पदवीदानाच्या दिवशी कोणाला मोजता आली असती? मात्र अशी थोर नावे सांगून गरिबाच्या मुलाला कर्जात लोटणेही योग्य नव्हे. ही उदाहरणे एवढेच सांगतात, की विद्येचे पुष्कळसे धन शिकणाऱ्याच्या खिशात जात नाही. ते समाजाच्या पदरात पडते. आणि ज्याच्या पदरात लाभ पडतो, त्याने भारही उचलावा, हा न्याय कोणत्याही दुकानदाराला समजतो.

हा न्याय आपल्याकडे नवा नाही. खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो गेल्या शतकापूर्वीच्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि स्थानिक राजाने त्याला दान दिले, असे तो सांगतो. त्यातील जुन्या मराठी भागात बाजारातील लहान लहान वाटे मठाला लावून दिले आहेत. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. त्या तेल्याला ‘लीलावती’ वाचता येत नसेल. परंतु गणित शिकणाऱ्याच्या दिव्यात त्याचे तेल जळत होते, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यावर त्याचे व्याज चढत नव्हते.

वार लावून जेवू घालणारी घरे, ज्ञातींची वसतिगृहे, विद्यार्थी फंड ही त्याच पळीची पुढची रूपे होत. आज आपल्या देवस्थानांचे महाजन व कुळावी, तसेच बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी मंडळे, जत्रा आणि जीर्णोद्धार यांसाठी मोठा निधी उभारतात. तो उभारावाच. पण त्याच्या एका वाट्यातून गणितासारख्या मूलभूत विषयांच्या दोनचार विद्यार्थ्यांचा भार बिनव्याजी उचलता येणार नाही काय? त्यांनी ती रक्कम परत करावयाची ती बँकेप्रमाणे नव्हे. कमावते झाल्यावर पुढील एका विद्यार्थ्याला उभे करून.

एक गोष्ट मुलींविषयी सांगणे अवश्य आहे. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना जे घर डोळे झाकते, तेच मुलीच्या वेळी एकाएकी हिशेबी होते : कर्ज आपण फेडावयाचे आणि मिळकत सासरी जावयाची! हा हिशेब नव्हे. ही तागडीखाली लावलेली बोटे आहेत. तराजू काढावयाचाच असेल तर तो दोघांसाठी एकच असावा.

तात्पर्य, गणिताची पदवी घेऊ इच्छिणाऱ्याने आपले ऋण आणि धन निर्भीडपणे मांडावे. झेपेल तेवढेच कर्ज काढावे, आणि स्वस्त व चांगल्या महाविद्यालयाची लाज बाळगू नये. परंतु हिशेब मांडण्याचे कर्तव्य एकट्या विद्यार्थ्याचे नाही. आपल्या मुलांना उद्या गणित कोण शिकविणार, हा प्रश्न ज्या ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घराचे नाव या खात्यात देणेकरी म्हणून लिहिलेले आहे. ते वाचून पाहण्याचे धैर्य आपण दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.