एकमेकांसाठी जागा

आजचं वाचन : योहान १७:२०-२६, उत्पत्ती १:२६-२७



आजचा उतारा ही एक प्रार्थना आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू पित्याशी बोलतोय आणि आपल्याला ते ऐकायला मिळतंय. त्यातल्या चोविसाव्या वचनापाशी जरा थांबा. जगाची स्थापना होण्यापूर्वीच पित्याने आपल्यावर प्रीती केली, असं तिथे येशू म्हणतो. जगाच्या स्थापनेपूर्वी म्हणजे सूर्य नाही, तारे नाहीत, माणूस नाही, देवदूतसुद्धा नाहीत. तरी प्रीती आहे! कारण देव कधीच एकटा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अनादिकाळापासून एकमेकांवर प्रीती करत आहेत. प्रीतीला दुसरा कुणीतरी लागतो. म्हणूनच देव प्रीती आहे (१ योहान ४:८) हे वाक्य खरं ठरायला देवाला आपली वाट बघावी लागली नाही.

आता उत्पत्तीचा पहिला अध्याय. मनुष्याला निर्माण करताना देव 'आपण' असं अनेकवचनी बोलतो, आणि आपल्या प्रतिरूपात एकाला नाही, तर नर आणि नारी असं दोघांना घडवतो. इफिस ३:१४-१५ मध्ये पौल आणखी पुढे जातो. स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक कुळाला पित्यावरूनच नाव मिळालंय, असं तो लिहितो. यावरून मंडळीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, विशेषतः लग्नाच्या उपासनेत : ख्रिस्ती कुटुंब हे पवित्र त्रैक्याचं प्रतिबिंब आहे.

वाक्य सुंदर आहे. पण ते ऐकून काही जण गप्प होतात. कुणाच्या घरी बाबा पिऊन येतात. कुणाचे आईवडील वेगळे झालेत. कुणाला आईने एकटीने वाढवलंय. कुणी घरात एकटाच विश्वासात आलाय, आणि प्रार्थनेला बसला की बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात. तिशी ओलांडली तरी कुणाचं लग्न झालेलं नाही. अशांना वाटतं, आपला आरसा फुटलेलाच आहे, त्यात देव कसला दिसणार? आजचं मनन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी त्रैक्याबद्दल थोडं बोलू, कारण आरशात काय दिसायला हवं हे आधी कळलं पाहिजे. संडे स्कूलमध्ये आपल्याला पाणी, बर्फ आणि वाफ शिकवलेली असते. पण तेच पाणी एकदा बर्फ होतं आणि मग वाफ. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी (मत्तय ३:१६-१७) पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी ऐकू येतेय, हे सगळं एकाच वेळी. एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा मुलगा आणि कुणाचा नवरा असतो, हे उदाहरणही तिथेच अडतं. तो माणूस स्वतःशीच प्रार्थना करत नाही.

कार्थेजच्या तेर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला झरा, नदी आणि नदीतून काढलेला पाट असं उदाहरण दिलं. मला ते जवळचं वाटतं, कारण आमचं मेहकर पैनगंगेच्या काठावर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली नदी गावाशेजारून वाहते आणि पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. झऱ्यातलं, नदीतलं आणि पाटातलं पाणी एकच, हे पटकन समजतं. पण झरा नदीवर प्रीती करत नाही. नदी झऱ्याला हाक मारत नाही.

हाक मारणं आणि ओ देणं कुटुंबात असतं. म्हणून चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने आदाम, हव्वा आणि शेथ यांचं उदाहरण घेतलं. तिघं वेगवेगळ्या प्रकारे अस्तित्वात आले, पण तिघांचा स्वभाव एकच, मानवी. मात्र त्यानंतर काही दशकांतच ऑगस्टीनने आपल्या त्रैक्यावरच्या ग्रंथात बाप, आई, मूल या उपमेबद्दल सावध केलं. त्याची अडचण रास्त होती. आपण लगेच जागा वाटायला लागतो : बाबा म्हणजे पिता, मुलगा म्हणजे पुत्र, मग आई म्हणजे आत्मा का? शिवाय घरातली तीन माणसं म्हणजे तीन वेगळे जीव, तर देव एकच आहे, तीन देव नाहीत.

मग प्रतिबिंब नेमकं कशाचं? ऑफिसातला ऑर्ग चार्ट घरात आणून लावला की त्रैक्य दिसतं, असं नाही. उत्तर आजच्या उताऱ्याच्या आजूबाजूलाच आहे. योहान १७:१ आणि ४ बघा : पुत्राने पित्याचं गौरव केलंय, आणि पित्याने आपलं गौरव करावं असं तो मागतोय. १६:१४ बघा : आत्मा आला की तो पुत्राचं गौरव करील. तिघांपैकी कुणीच गौरव स्वतःकडे ओढत नाही, प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे वळवतो. आणि तसं करताना कुणीच पुसला जात नाही. पिता पिताच राहतो, पुत्र पुत्रच. माझ्या समजुतीप्रमाणे प्रतिबिंब याचं आहे. घरात कोण कोण आहे यावर ते अवलंबून नाही. घरात माणसं एकमेकांसाठी जागा करतात का, यावर आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? आपल्याच मराठी मंडळीतलं एक घर बघू. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं.

हे घर आदर्श नव्हतं. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये ते कुठलाही मुलामा न देता लिहून ठेवलंय. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. टिळक तापट होते. हातात आलेला पैसा टिकायचा नाही. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. दत्तू लहान होता. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. त्या काळातलं लक्ष्मीबाईंचं दुःख हलकं करून सांगू नये, त्यांनी स्वतःही ते केलेलं नाही.

नंतर त्या टिळकांकडे नगरला आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही. एका घरात दोन श्रद्धा, आणि चुलीपर्यंत वेगळेपण. नवरा ख्रिस्ती झालाय म्हणून बायकोला खेचून बाप्तिस्म्याला उभं केलं, असं इथे घडलं नाही. जात देवाने केली की माणसांनी, हा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्याने केला, उत्तर स्वतः शोधलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १ करिंथ ७:१२-१६ मध्ये पौल अशाच घराबद्दल लिहितो, जिथे एक जण विश्वासात आहे आणि दुसरा नाही. तिथे तो शांतीबद्दल बोलतो, जबरदस्तीबद्दल नाही.

पुढे या घराचं दार उघडंच राहिलं. बालकवी ठोमरे नगरला यांच्याकडे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्यामुळे मायेत कमी पडलं नाही. १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

माझ्या दृष्टीने या घराची सर्वांत बोलकी खूण म्हणजे 'ख्रिस्तायन'. येशूचं चरित्र ओवीत लिहायला टिळकांनी घेतलं. थोडे अध्याय झाले आणि १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. ग्रंथ अर्धाही झाला नव्हता. तो लक्ष्मीबाईंनी हाती घेतला. या बाईंनी शाळा पाहिली नव्हती, लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांनी एक-दोन नाही, ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय देवदत्तने लिहिला, म्हणजे तोच लहानगा दत्तू.

बाप, आई आणि मुलगा. तीन हात, ग्रंथ एक. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अध्याय खोडून नव्याने सुरुवात केली नाही. देवदत्तने आईचं काम आपल्या नावावर घेतलं नाही. आणि तिघांच्या ओव्या स्वतःबद्दल नाहीत, ख्रिस्ताबद्दल आहेत. ज्या नावामुळे हे घर एकदा दुभंगलं, त्याच नावाभोवती ते पुन्हा एक झालं. हे त्रैक्य नव्हे, ही माणसं आहेत, आणि चुकलेलीही. पण प्रतिबिंब हलत्या पाण्यातही पडतं.

आता आपल्याकडे येऊ. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावातली कितीतरी घरं आज तीन गावांत वाटलेली आहेत. आईबाबा इथे, मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी संभाजीनगरला हॉस्टेलवर. जेवायला सगळे एकत्र बसतात ते दिवाळीला नाहीतर नाताळात. त्यामुळे आपण समजतो की कुटुंब तुटत चाललंय. पण येशूची आजची प्रार्थना काय मागते? पुत्र पृथ्वीवर आहे, पित्याकडे जायच्या वाटेवर आहे, आणि त्या स्थितीतही तो म्हणतो की पिता माझ्यात आणि मी पित्यात आहे. एक असणं म्हणजे एका छताखाली असणं नव्हे. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी वचनाचं चित्र फॉरवर्ड करूनही आपण एकमेकांपासून दूर असू शकतो. आणि आठवड्यातून एकदा फोन करून, आईचं बोलणं मध्येच न तोडता वीस मिनिटं ऐकलं, तर जवळ असू शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जागा करणं म्हणजे मार खाणं नव्हे. 'घर टिकव, सहन कर, हाच त्रैक्याचा कित्ता' असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. त्रैक्यात कुणी कुणाला दाबत नाही, कुणी कुणाला गप्प करत नाही. इफिस ५:२२ घरात नेहमी ऐकवलं जातं, पण त्याच्या आधीचं २१ वं वचन एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं, आणि २५ वं वचन नवऱ्याला स्वतःला अर्पण करायला सांगतं. जिथे एकच जण सतत आकसतो आणि दुसरा पसरत जातो, तिथे देवाचं प्रतिबिंब नाही. तिथे हिंसा असेल तर बाहेर पडून मदत मागणं हा विश्वासघात नाही. पाळकांना सांगा, विश्वासातल्या वडीलधाऱ्यांना सांगा, गरज असेल तर पोलिसांना सांगा.

आणि जो एकटा आहे त्याला? प्रभु येशूचं लग्न झालं नव्हतं. देवाचं सर्वांत स्वच्छ प्रतिबिंब ज्याच्यात दिसलं, त्याला बायको-मुलं नव्हती. देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तोच माझा भाऊ, बहीण, आई, असं तो म्हणाला (मार्क ३:३५). वधस्तंभावर शेवटच्या घटका मोजताना त्याने आईला शिष्याच्या हवाली केलं आणि शिष्याला आईच्या (योहान १९:२६-२७). रक्ताचं नातं नसलेलं एक नवं घर तिथे, त्या लाकडाखाली सुरू झालं. तुमची मंडळी, तुमचा सेल ग्रुप, फ्लॅटवरचे तुमचे दोन रूममेट, यांतही ते घर होऊ शकतं.

आपल्यापैकी कुणाचंच घर पूर्ण आरसा नाही. पण देवाचं एक असणं हे आपल्या डोक्यावरचं ओझं नाही, ते आपल्यासाठी येशूने केलेलं मागणं आहे. आपण एक व्हावं म्हणून त्याने त्या रात्री प्रार्थना केली, आणि पित्याने पुत्राची प्रार्थना वाया जाऊ दिलेली नाही. तुमचं घर कसंही असो, त्या प्रार्थनेत ते आहे.

आज मनन करा :
१. माझ्या घरात कोण सतत आकसतंय? त्याच्यासाठी मी आज कुठे जागा करू शकतो?
२. घरात कुणी सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं चांगलं काम कोणतं? ते मी पुढे नेऊ शकतो का?
३. माझ्या दाराबाहेर असा कोण आहे, ज्याला घर हवंय?

प्रार्थना : हे पित्या, जगाच्या आधीपासून तू प्रीती करत आलास. प्रभु येशू, तू आमच्यासाठी मागितलंस. पवित्र आत्म्या, तू आम्हाला जोडतोस. आमची घरं तुला माहीत आहेत, त्यातले तडेही माहीत आहेत. जिथे भीती आहे तिथून सोडव. जिथे अबोला आहे तिथे पहिला शब्द बोलायचं धैर्य आम्हाला दे. आणि आमच्यात जे थोडंसं प्रतिबिंब दिसेल, त्याचं गौरव तुलाच मिळो. येशूच्या नावाने, आमेन.