उत्तर कुणाचे?

आमच्या घरी एक पितळी डबा होता. काठोकाठ भरला की त्यात बरोबर पाच वाट्या पाणी मावे. हे मला ठाऊक असण्याचे कारण माझी आक्का.

एका दिवाळीच्या सुटीत मामा आले होते. जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी आम्हा भावंडांना एक कोडे घातले. तेल्याजवळ आठ शेरांचे भांडे तेलाने भरलेले आहे. शिवाय पाच शेरांचे एक आणि तीन शेरांचे एक अशी दोन रिकामी मापे आहेत. चौथे भांडे नाही, तराजू नाही. दोन गिऱ्हाइकांना चार चार शेर तेल द्यायचे, तर कसे द्याल? शेर तोवर बाजारातून केव्हाच हद्दपार झाले होते. पण कोड्यातली मापे सरकारी कायद्याने बदलत नाहीत. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघून गेले आणि उत्तर सांगायचे राहूनच गेले.

आक्का तेव्हा सातवीत होती, मी चौथीत. तिने शेराच्या जागी वाटी धरली आणि तेलाच्या जागी पाणी. पाच वाट्यांचा तो डबा, तीन वाट्यांचा एक पेला आणि आठ वाट्या पाणी घातलेले पातेले घेऊन ती दुपारची भांडी घासून झाली की मागच्या पडवीत बसे. असे तीन दिवस चालले होते. आई म्हणे, "पोरी, पाण्याशी खेळून सर्दी होईल." आक्का ओतत राही.

(ज्या वाचकांना हे कोडे स्वतः सोडवायचे असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. मी रागावणार नाही, उलट मला बरे वाटेल.)

तिने पातेल्यातून डबा भरला. डब्यातून पेला भरला. पेला पातेल्यात रिकामा केला. डब्यात उरलेल्या दोन वाट्या पेल्यात ओतल्या. आता पातेल्यात सहा, डब्यात शून्य, पेल्यात दोन. इथपर्यंत ती कितीतरी वेळा आली असेल. पण इथे आले की तिला वाटे, आपण भलतीकडे चाललो. आणि सगळे पाणी पुन्हा पातेल्यात ओतून ती पहिल्यापासून सुरुवात करी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अशीच 'सहा, शून्य, दोन'पाशी थांबली होती. ह्या वेळी मात्र तिने पाणी परत ओतले नाही. नुसती बघत बसली होती. मी धावत गेलो, तिच्या हातातला डबा ओढून घेतला आणि उरलेल्या तीन ओतण्या एका दमात करून दाखवल्या. चार आणि चार! दारात अण्णा उभे होते. ते म्हणाले, "पोराला डोके आहे हो!" मी मान खाली घालून ते ऐकून घेतले. ते उत्तर मला त्याच दिवशी शेजारच्या वाडीतल्या एका मोठ्या मुलाने सांगितले होते, हे मी कुणालाच बोललो नाही.

आक्का उठली आणि पाणी तुळशीला घालून आली. त्यानंतर तिला कोडे सोडवताना मी पाहिले नाही. पुढच्या जूनमध्ये तिची शाळा सुटली. त्याला कारणे दुसरी होती. शाळा चार मैल दूर होती आणि घरात धाकटी भावंडे होती. पितळी डब्यावर तो आळ घालणे खोटेपणाचे होईल. माझे म्हणाल तर अण्णांच्या त्या शिफारशीवर मी बरीच वर्षे घरात गणिती म्हणून मिरवलो. मॅट्रिकला गणितात मला चाळीस गुण पडले आणि तिथेच माझे शिक्षण संपले. पुढे मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो; पण एक प्रश्न अधूनमधून वर येतच राहिला. त्या संध्याकाळी मी नेमके काय घेतले? शाबासकी फुकट घेतली, हे उघड आहे. पण समजा, मी ते उत्तर प्रामाणिकपणे स्वतः शोधले असते, तर ते असे सांगून टाकणे न्यायाचे ठरले असते का?

ज्ञान दिल्याने कमी होत नाही, असे आपण मानतो. एका पणतीने दुसरी पेटवावी तसे. सासवडची गाडी किती वाजता सुटते हे मला माहीत असेल आणि तुम्ही विचारलेत, तर ते न सांगणे हा शुद्ध दुष्टपणा होय. मग कोड्याचे उत्तर सांगताना आपली जीभ अडखळावी का? मला वाटते, गाडीची वेळ माणसाला हवी असते ती गाडीसाठी. कोड्यातल्या चार शेर तेलाशी कुणाला काय करायचे आहे? तो तेली नाही, ती गिऱ्हाइके नाहीत. कोडे घेऊन बसलेल्याच्या पदरात पडण्यासारखी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे अंधारातून वाट सापडण्याचा क्षण. आपण उत्तर सांगितले की तो क्षण त्याच्या आयुष्यातून कायमचा जातो. माहीत झालेले पुन्हा अज्ञात करता येत नाही. पैसे चोरले तर परत देता येतात.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त उदाहरणे कुणाला तरी उद्देशून घातलेली आहेत; कधी ती बालिका, कधी मित्र. मधमाश्यांचा थवा असो की मोर आणि साप, तू सांग, असेच तिथले बोलणे. मला त्यातले गणित थोडेच कळते, पण ती 'तू' फार आवडते. कोडे घालणारा उत्तर जाणून असतो आणि तरी समोरच्याला बोलू देतो.

काही कोडी मात्र उत्तर आधी सांगितले तरी मरत नाहीत. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या मांडा. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात वेळांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. मी हे दर वर्षी वर्गात करतो. शेवट आधीच सांगतो, तरी प्रत्येक मूल आपापल्या संख्येवरून निघून तिथे पोचताना ओरडतेच. एकदा एका मुलीने २१११ घेतली, वजाबाकी ९९९ आली, आणि पुढे तिच्या हाती आले शून्य! सारा वर्ग तिला हसला. मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले, "पुढचे शून्य मांड की, चार घरे पाहिजेत." उत्तर न सांगता वाट दाखवण्याचा असा सुंदर नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

कुणी म्हणेल, मास्तर आता मौनाचे गोडवे गाणार. तसे नाही. एका वर्षी मी हटवादीपणाने एका मुलाला एक उदाहरण चार दिवस सोडवायला लावले. तो रोज यायचा आणि मी रोज हसून म्हणायचो, "अजून विचार कर." पाचव्या दिवशी तो शाळेतच आला नाही. त्याच्या वहीत पाहिले तर दुसऱ्या दिवसानंतर एकही नवी ओळ नव्हती. दोन दिवस तो विचार करीत नव्हता, नुसता मला भीत होता. उत्तर माझ्या मुठीत आहे ह्याचीच मला मौज वाटत होती, हे मला तेव्हा पटले. आक्कापाशी मी फार लवकर बोललो आणि ह्या मुलापाशी फार उशिरा. दोन्ही वेळा समोरच्याचे तोंड मी पाहिलेच नव्हते.

गेल्या भाऊबिजेला मी आक्काकडे गेलो होतो. तिची नात आणि तिच्या दिराची दोन नातवंडे ओसरीवर होती. शेहेचाळिसाव्या वर्षी मला तिघेही आजोबा म्हणतात, ते सोसूनच मी त्यांच्यात बसलो आणि एक कोडे घातले. दुपारी तीन मुले झोपली आहेत. कुणीतरी येऊन तिघांच्याही कपाळाला काजळी फासते. जागे झाल्यावर प्रत्येकाला दुसऱ्या दोघांची काजळी दिसते, स्वतःची दिसत नाही. आजी येऊन म्हणते, "तुमच्यापैकी निदान एकाच्या तरी कपाळाला काजळी आहे. स्वतःची कुणाला कळली?" तिघेही गप्प. आजी पुन्हा विचारते. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा विचारताच तिघेही एकदम म्हणतात, "मला!" कसे? लिटलवूड नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या १९५३च्या पुस्तकात ह्याच जातीचे कोडे आहे. तिथे आगगाडीच्या डब्यातल्या तीन बायका एकमेकींची मळकी तोंडे पाहून हसत असतात.

धाकट्याने आधी स्वतःचे कपाळ पुसून घेतले, मग विचार सुरू झाला. मला उत्तर येत होते. मी तोंड मिटून बसलो. स्वयंपाकघरातून आक्काचा आवाज आला, "एकच काळा असता तर त्याला समोर दोन्ही तोंडे स्वच्छ दिसली असती. तो पहिल्याच वेळी बोलला असता ना?"

मुले म्हणाली, हो.

"दोघे असते तर पहिल्या वेळी दोघेही गप्प. त्या गप्प बसण्यावरून दुसऱ्या वेळी दोघांना कळले असते. दुसऱ्या वेळीही कुणी बोलत नाही, म्हणजे तिघे." ती हात पुसत बाहेर आली. "पण मला एक कळत नाही. एकाला तरी काजळी आहे हे तिघांनाही दिसतच होते. मग आजीने नवीन काय सांगितले?"

कोड्याचा खरा गाभा तो आहे. मोठमोठ्या विद्वानांनी ह्या एका शंकेवर पाने लिहिली आहेत, आणि सातवीत शाळा सुटलेली माझी बहीण हातातल्या फडक्यासह तिथे येऊन पोचली होती. आजीने नवीन काहीच सांगितले नाही. परंतु ती बोलेपर्यंत, एकाला तरी काजळी आहे हे तिसऱ्यालाही ठाऊक आहे, हे दुसऱ्याला ठाऊक आहे, ह्याची कुणालाच खात्री नव्हती. ती बोलली आणि मग एकमेकांच्या गप्प बसण्याला अर्थ आला. मी हे मुलांना समजावून सांगू लागलो आणि मध्येच थांबलो.

"आक्का," मी म्हणालो, "तो पाच वाट्यांचा डबा आठवतो? ते उत्तर मी शोधले नव्हते. मला त्या दिवशी एका पोराने सांगितले होते."

ती हसली. "ठाऊक आहे मला. तू एकदाही थांबला नाहीस. शोधणारा कुठे तरी थांबतो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"अण्णा किती खूश झाले होते," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "मी आलेच होते रे. त्या दिवशी मी पाणी परत ओतणार नव्हते."

"कसला डबा, आजी?" नातीने विचारले.

आक्का काही न बोलता आत गेली. मांडणीवरचे डबे उतरवल्याचा आवाज झाला. तिन्ही मुले तिच्यामागे धावली. मला उठावेसे वाटत होते, पण मी ओसरीवरच बसून राहिलो. आतून आवाज येत होता, "एक... दोन... तीन... अगं सांडू नको, काठोकाठ हवे... चार..."