धोकटी आणि विटाळ

आमच्या परभणीकडं न्हाव्याला वारीक म्हणतात आणि त्याच्या हत्यारांच्या पिशवीला धोकटी. शेतकऱ्याची अवजारं घरभर असतात. विळा आढ्याला, कुऱ्हाड दाराआड, वखराची पास गोठ्यात. वारकाचा सगळा धंदा मात्र त्या एका चामडी पिशवीत मावायचा. वस्तरा, कातर, फणी, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा, तळहाताएवढा आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा.

मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं नांगर धरला. आता साठी उलटली. सगळा जन्म हत्याराबरोबर गेला, म्हणून एक प्रश्न डोक्यात घोळत राहतो. हत्यार स्वच्छ आहे असं कधी म्हणायचं?

आमच्या गावच्या वारकाला आम्ही पोरं मामा म्हणायचो. हत्यार जपावं तर मामानं. दाढी झाली की वस्तरा धुवायचा, फडक्यानं पुसायचा, थोडा वेळ उघडाच ठेवायचा आणि मगच मिटायचा. ओला वस्तरा मिटला की मुठीच्या फटीत पाणी राहतं आणि गंज तिथूनच धरतो. दिवसाचं काम सरलं की पात्याला खोबरेलाचं बोट लावून चिंधीत गुंडाळायचा. कातर आणि वस्तरा एकमेकांना लागू द्यायचा नाही. धारेवर धार घासली की दोन्ही बोथट. पट्टा रोज, दगड कधीमधी. कारण दगडानं पातं झिजतं, पट्ट्यानं नुसती धार सरळ होते. पट्ट्यावर पातं ओढायचं तेही पाठीच्या बाजूनं, नाहीतर चामडंच कापायचं. पावसाळ्यात धोकटी चुलीजवळच्या फळीवर जायची, ओल लागू नये म्हणून.

एवढं कशाला करता, असं कुणी विचारलं तर मामा म्हणायचा, "समोरचा माणूस डोळे मिटून मान वर करतो. मान देतो त्यो आपल्याला. मंग आपुन काय द्याचं?"

या एका बोलण्यात मला सगळं नीतिशास्त्र दिसतं. हत्यार जपायचं ते हत्यारासाठी नाही, पुढं बसणाऱ्याच्या भरवशासाठी.

पण ह्याच मामाचा वस्तरा गावकुसाबाहेर जात नव्हता. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या माणसांची दाढी तो करत नसे. ती माणसं एकमेकांची हजामत करायची. त्यांच्या गालाला लागला की वस्तरा बाटतो, असं गाव म्हणायचं. अस्पृश्यता राज्यघटनेनं १९५० सालीच बंद केली होती, १९५५ साली तिच्या विरुद्ध कायदाही झाला. पण कायदा दिल्लीत झाला होता आणि वारकाचं बलुतं आमच्या खळ्यावर मिळत होतं. त्याला ना शेत ना मळा. वर्षाची जवारी गावाच्या हातात. त्यानं एक दाढी वाड्याच्या बाहेर केली असती, तर दुसऱ्या दिवशी गावातली एकही मान त्याच्यापुढं वर झाली नसती.

आता गंमत बघा. गावातल्या गावात तीच वाटी, तेच पाणी, तोच तुरटीचा खडा आणि तेच फडकं सगळ्यांना चालायचं. कुणाच्या दाढीवर फोड असायचे, कुणाला नायटा. एकाच्या गालावरचं दुसऱ्याच्या गालावर यायचं. त्याला कुणी विटाळ म्हणालं नाही. जो विटाळ नव्हताच तो सगळ्यांना दिसत होता आणि खरी घाण डोळ्यासमोर असून दिसत नव्हती. हत्याराला घाण लागते ती रक्ताची, पुवाची, गंजाची. जात काही पात्याला चिकटत नाही.

मग यात दोष वारकाचा का? वारकाच्या जातीत संत सेना झाले. त्यांनी आपल्या धंद्यातल्याच वस्तू घेऊन परमार्थ सांगितला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे आपलं हत्यार कशाला लावायचं आणि कशाला नाही, हे ज्याच्या हातात हत्यार त्यानं ठरवलं. हीसुद्धा हत्याराची निगाच झाली. पण मुंबईतले न्हावी एकजुटीनं उभे होते आणि त्यांची भाकर एकाच गावाच्या खळ्यावर नव्हती. आमचा वारीक गावात एकटा. एकट्या माणसाकडून शौर्य मागायचं आणि त्याची जवारी आपण धरून ठेवायची, हा न्याय नव्हे. तो दोष जवारी मोजणाऱ्यांकडं जातो.

आता बलुतं गेलं. तालुक्याच्या गावी सलून झाली. तिथं पोरगं आपल्या डोळ्यादेखत नवं ब्लेड काढतं, मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतं, दाढी झाली की फेकून देतं. खुर्चीवर कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. जे संतांच्या उपदेशानं पुरतं झालं नाही, ते थोडंफार दोन रुपयांच्या ब्लेडनं केलं, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण ब्लेड फेकायचंच असल्यावर बाटायचं काय?

तरी सगळं फेकता येत नाही. दाढी कोरायची मशीन, कातर, कंगवा, ब्रश, टॉवेल हे आजही गालागालांवरून फिरतात. मशीनच्या दातात केस अडकतात, बारीक रक्त लागतं, ते डोळ्याला दिसतही नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू अंगाबाहेर सात दिवससुद्धा टिकतो. म्हणून प्रत्येक दाढीनंतर ब्रशनं केस झाडावेत, दाते स्पिरिटनं पुसावेत, कोरडे होऊ द्यावेत, दिवसाअखेर तेलाचा एक थेंब टाकून मशीन जरा चालवावी आणि झाकून कोरड्या जागी ठेवावी. घरातल्या पोरांनीही आपली मशीन न्हाणीघराच्या वाफेत टाकू नये आणि एकमेकांची वापरू नये. मग भाऊ का असेना. हे पथ्य रक्ताचं आहे. त्यात उच्चनीच नाही, ते सगळ्यांना सारखं लागू.

नवं ब्लेड गिऱ्हाईक बघतं. मशीन पुसली का नाही, हे कुणी बघत नाही. माणसाची परीक्षा या न बघितलेल्या जागीच होते.

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो. चांगली चाल आहे, पण वर्षातली ती एकच सकाळ. हत्याराची खरी पूजा रोजची, काम सरल्यावर पुसून ठेवण्याची. आणि पुसताना मनात एवढंच असावं की उद्या जो कुणी मान वर करून बसेल, त्याचा भरवसा आज माझ्या हातात आहे. तो कोण, हे विचारायची हत्याराला गरज नाही. मग माणसाला का असावी?