राहू दे, मी करते

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या वर्षी माझ्या उजव्या खुब्याचे ऑपरेशन झाले, हे आपल्या ग्रुपवर बहुतेकांना ठाऊक आहे. पुष्कळांनी फोन केले, काहीजण भेटून गेले. त्यातल्या एका ताईने अगदी मायेनेच विचारले, "तुम्ही एवढी वर्षे सेवेत आहात, मग तुमच्याच वाट्याला हे का यावे?" मी "प्रारब्ध" एवढेच म्हटले आणि फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. महिनाभर खाटेवर पडून असताना दुसरे काम तरी काय होते? त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. त्याच्याऐवजी दुसराच एक प्रश्न हाती लागला. सेवा करायला आपण सगळेच शिकतो, पण सेवा घ्यायला आपल्याला कोणी शिकवले आहे का? त्यावर जे सुचले ते लिहिते. चुकले तर सांभाळून घ्या.

दुखणे सुरू झाले ते तीन वर्षांपूर्वी, काजूच्या हंगामात. बोंडे वेचायला वाकले की मांडीच्या सांध्यात, जांघेकडे, चमक यायची. मग गुडघा दुखू लागला. मी वर्षभर गुडघ्याला तेल चोळत बसले. पुढे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा कळले की गुडघा धडधाकट आहे, झिजला आहे तो खुबा. खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते म्हणे. दुखते एकीकडे आणि तेल लागते दुसरीकडे, असे आमच्या घरात इतरही बाबतीत चालले होते. त्याविषयी पुढे लिहिते.

ही तीन वर्षे मी कोणाला काही सांगितले नाही. केंद्रात महाप्रसादाचे टोप उचलले, लादी पुसली, आरतीला उभी राहिले. रात्री कुशीवर वळताना दात आवळून घ्यायचे. मनात वाटायचे, आपण सहन करतो आहोत, हे तप आहे. आपल्याकडे बायकांना हे लहानपणापासून शिकवलेलेच असते. शेवटी एके दिवशी न्हाणीच्या पायरीवर पाय अडखळला आणि मी भिंत धरून तिथेच रडले. मुलगा धावत आला. म्हणाला, "आई, इतकें दुखता तर सांगूक ना कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हते. "तुम्हाला त्रास नको म्हणून" असे मी म्हटले खरे, पण ते पूर्ण खरे नव्हते. खरे असे की, घरात आणि केंद्रात "ही थकत नाही" असे जे माझे नाव झाले होते ते मला जपायचे होते. सोसणे निराळे आणि लपवणे निराळे. सोसताना माणूस दुःखाकडे बघतो. लपवताना लोक आपल्याकडे कसे बघतात, तिकडेच त्याचे लक्ष असते. मी दुसरे करत होते आणि त्याला पहिल्याचे नाव देत होते.

ऑपरेशन करायचे ठरले तेव्हा एका जाणत्या नातेवाइकांनी सांगितले, भोग भोगूनच संपवायचे असतात, कापाकापी कशाला? मी घाबरले. पण मग वाटले, दात किडला की आपण काढतो, मोतीबिंदू पिकला की लेन्स बसवून घेतो, तेव्हा कोणी भोगाची गोष्ट काढत नाही. प्रारब्धाने सांधा झिजला असेल, तर त्याच प्रारब्धाने डॉक्टरही दाखवला असे का नाही म्हणायचे? देह म्हणजे साधनेचे साधन, असे आपण सत्संगात ऐकतो. साधन गंजू देणे ही विरक्ती नव्हे. हे माझे मत. कोणाला पटणार नाही, तेही चालेल.

मुलाने मला या ऑपरेशनमागची एक हकिगत वाचून दाखवली, ती मनाला फार लागली. आज जो कृत्रिम खुबा बसवतात, त्याची पद्धत इंग्लंडमधल्या राइटिंग्टन येथील हॉस्पिटलात जॉन चार्न्ली या डॉक्टरांनी बसवली. खुबा म्हणजे उखळ आणि त्यात फिरणारा गोळा. त्यांनी गोळा धातूचा केला आणि उखळीला आधी टेफ्लॉन वापरले, आपल्या न चिकटणाऱ्या तव्याला असते तेच. शेकडो रुग्णांना ते सांधे बसवले. सुरुवातीला सगळे छान चालू लागले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या भुकटीने सांधे सुजले. ते सांधे त्यांना पुन्हा उघडावे लागले. एवढेच नव्हे, ते द्रव्य शरीरात काय करते हे बघायला त्यांनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले. मग १९६२ च्या सुमारास एक विक्रेता कापडाच्या मागांच्या चाकांसाठी वापरतात ते एक कडक प्लास्टिक घेऊन आला. डॉक्टरांना त्यात काही दम वाटला नाही. पण त्यांच्या कार्यशाळेतल्या मदतनिसाने, हॅरी क्रेव्हन त्याचे नाव, डॉक्टर परदेशी गेले असताना ते यंत्रावर घासून बघितले. ते जवळजवळ झिजतच नव्हते. परत आल्यावर डॉक्टरांनी स्वतःचे म्हणणे सोडले आणि मदतनिसाचे मान्य केले. आज माझ्या खुब्यात जी उखळी आहे ती त्या प्लास्टिकच्याच जातीची. एका हाताखालच्या माणसाचे ऐकले गेले म्हणून मी आज चालते आहे. आपण आपल्या हाताखालच्यांचे किती ऐकतो?

आता तयारीविषयी, कारण त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारले. ऑपरेशनआधी महिनाभर फिजिओथेरपीच्या ताईंनी मांडीचे व्यायाम करून घेतले. दात तपासले, लघवी तपासली, अंगावर कुठे जखम नाही ना बघितले, कारण कुठलाही जंतू नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी कोणी घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे, मनाने बंद करायची नाही. घरात सगळ्यात जास्त काम निघाले. पायपुसणी उचलली, सोप्यावरची चटई गुंडाळली, न्हाणीत धरायला दांडा बसवला, कमोडवर उंच बैठक बसवली, हात टेकायला बाहू असलेली उंच खुर्ची आणली. डबे कमरेच्या उंचीवर मांडले. आमचे हे म्हणाले, "घर आहे की दवाखाना?" पण दांडा त्यांनीच बसवला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे होते, त्यामुळे पैशांची काळजी हलकी झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत ही योजना आहे. कार्डाची मुदत बघून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झाले. मी अर्धवट जागी होते, ठोकल्याचा आवाज येत होता, मी नाम घेत होते. भीती वाटली नाही असे सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. मग नियम सुरू. पायावर पाय टाकायचा नाही, दोन मांड्यांमध्ये उशी ठेवून झोपायचे, गुडघा कमरेच्या वर जाईल असे बसायचे नाही, वाकून जमिनीवरचे उचलायचे नाही. (प्रत्येकाच्या ऑपरेशनप्रमाणे नियम वेगळे असतात, आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.) जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आले, तर वाट न बघता दवाखान्यात जायचे, हे मुलाने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले होते.

पण हे सगळे सोपे म्हणायला हवे. अवघड होते ते न्हाणीघरात.

सून मला आंघोळ घालायची. माझ्या स्वतःच्या मुलीलाही मी कधी असे जवळ येऊ दिले नसते. सुनेचे आणि माझे भांडण नव्हते, पण दोघींच्या मध्ये एक पातळ भिंत होती. ती कामाला जाते, संध्याकाळी उशिरा येते, म्हणून मी मनात हिशेब मांडून ठेवलेला. गुडघ्याला तेल चोळण्यासारखेच ते. माझी स्वतःची दमणूक, माझे लपवलेले दुखणे, त्याचा राग मी तिच्यावर काढत होते. पहिले आठ दिवस ती टॉवेल घेऊन आली की मी म्हणायची, "राहू दे, मी करते." पाय पुसायला वाकता येत नाही, तरी "राहू दे". एक दिवस ती टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पायी वारीला जाणारे आले की तुम्ही अनोळखी माणसांचे पाय चोळता. मग मला तुमचे पाय का पुसू देत नाही?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. सेवा करणारा कितीही नम्र असला तरी त्याचा हात वर असतो. घेणाऱ्याचा हात खाली. मी तीस वर्षे वरचाच हात निवडला होता आणि त्यालाच नम्रता समजले होते. "राहू दे" म्हणताना मी तिचे कष्ट वाचवत नव्हते, माझी उंची वाचवत होते. बाबा आमटे यांची आठवण झाली. १९४९ साली आनंदवन उभे केले, महारोग्यांच्या जखमा हाताने धुतल्या, आणि पुढे पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना साधे बसताही येईना. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. १९८५ मध्ये भारत जोडो यात्रेला ते कन्याकुमारीहून निघाले तेही बसमध्ये झोपून. त्या माणसाने किती जणांचे हात स्वीकारले असतील! त्याने त्यांचे काम लहान झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पाय पुढे केला. पण खरे ते सगळेच सांगते. चौथ्या आठवड्यात माझीच दुसरी बाजू वर आली. चहा दहा मिनिटे उशिरा आला म्हणून मी सुनेवर ओरडले. घ्यायला शिकले आणि लगेच मागायला शिकले! फिजिओथेरपीच्या ताईंनी हसत सांगितले, "करता येते ते स्वतः करा, येत नाही तिथेच हात मागा." ऐकायला सोपे आहे. ती रेघ रोज सरकते, रोज नव्याने बघावी लागते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्या ग्रुपवरच्या पुरुषमंडळींसाठी. माझ्यासाठी सुनेने पाच आठवडे रजा काढली, त्यातली निम्मी बिनपगारी. मुलाने दोन दिवस काढली. त्याने पळापळ खूप केली, नाकारत नाही. पण घरातल्या बाईने केले की ती सेवा, आणि तिचा कापलेला पगार कोणी मोजत नाही. मी स्वतःही मोजला नव्हता. पुढे मोजला आणि माझ्या साठवणीतून तिला दिला. ती घेईना. "घरच्यांत कसले पैसे?" म्हणाली. मी म्हटले, आता तू शीक घ्यायला.

गुरुपौर्णिमेला सात-आठ आठवडे झाले होते. सगळे खाली बसलेले, आणि मला खुर्ची. समोर पादुका माझ्या गुडघ्यांच्याही खाली. आयुष्यात पहिल्यांदा गुरूंपुढे वाकता येत नव्हते. मी उठून मागच्या दाराकडे जायला लागले. सुनेने हात धरून बसवले, तबकातले फूल माझ्या हाताला लावून घेतले आणि स्वतः खाली बसून ते पादुकांवर वाहिले. मी हात जोडून बसून राहिले. तो नमस्कार माझा की तिचा, ते मला अजून कळलेले नाही.

चवथीपर्यंत काठी सुटली. संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालत जाते. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये भोसल्यांकडून घेतला तोच हा आमचा किल्ला. त्यावरून त्यांच्या व्हाईसरॉयला अलोर्नाचा मार्किस ही पदवी मिळाली. तिथे नदीकडे बघत थोडा वेळ बसते, अर्थात उंच दगडावर. यंदा माटोळी बांधायला मी फक्त फळे हातात दिली. फुगडी घातली नाही, टाळ्या वाजवल्या.

चवथीनंतर सून तापाने पडली. मी पेज करून नेली, कपाळावर ओली पट्टी ठेवू लागले. ती म्हणाली, "राहू दे आई, मी करते." मी उंच खुर्ची खाटेजवळ ओढून घेतली.

कमोडची उंच बैठक आणि वॉकर आता आमच्याकडे तसेच पडून आहेत. पेडणे, डिचोली भागात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर ग्रुपवर सांगावे, मुलगा आणून देईल. बैठक धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. वॉकरच्या एका पायाचे रबर झिजले होते, तेही बदलून घेतले आहे.