रांगेतली प्रार्थना

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या प्रताप नगर भागातही मग खामला, त्रिमूर्ती नगर, स्वावलंबी नगर अशा आसपासच्या वस्त्यांतून सायकली, ऑटो आणि व्हॅन निघतात. घंटा झाली की परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या. प्रार्थनेच्या वेळी सूचना येते, ‘हात जोडा, डोळे मिटा.’ कोणाचे डोळे उघडे आहेत हे पाहायला मॉनिटर स्वतःचे दोन्ही उघडे ठेवतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलत नाही.

सूचनेवर केलेली प्रार्थना ही प्रार्थना असते का? आणि जनतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने ती करून घ्यावी का? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा कायद्याचा. पण पहिल्याला बगल देऊन दुसरा सुटत नाही.

नागपुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. प्रताप नगर आणि दीक्षाभूमी शहराच्या एकाच अंगाला आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या पहिल्याच काही प्रतिज्ञा अमुक देवतांची उपासना करणार नाही असे सांगतात. त्या दिवशी मैदानावर असलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आज नागपूरच्या शाळांतून शिकतात. त्यांच्या शेजारी आषाढीला उपास धरणाऱ्या घरातले, ताजबागच्या उरुसाला जाणारे आणि रविवारी चर्चला जाणारे मूल असते. रांग उंचीप्रमाणे लागते, श्रद्धेप्रमाणे नाही.

शाळा आणि धर्म यांचे इथले नाते जुने आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. मिशनच्या शाळेत बायबल हा अभ्यासाचाच भाग. १८५४ च्या वुडच्या खलित्याने मग दोन वाटा पाडल्या. सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील. खासगी संस्था धर्म शिकवोत वा न शिकवोत, बाकीचे शिक्षण नीट असेल तर त्यांना अनुदान मिळेल. आज महाराष्ट्रातल्या असंख्य माध्यमिक शाळांच्या पाटीवर दिसणारी ‘अनुदानित’ ही जात त्या खलित्यापासून चालत आली आहे.

संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी शाळांतल्या धार्मिक शिक्षणावर वाद झाला. आंबेडकरांनी व्यवहाराकडे बोट दाखवले. एका शाळेत इतके पंथ असतील तर कोणाचा धर्म शिकवणार? शिवाय प्रत्येक धर्म आपलेच सत्य अंतिम मानतो. धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यातून आलेले कलम २८ सांगते की पूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत मात्र ते देता येते, उपासनाही घेता येते; पण विद्यार्थ्याने, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिल्याखेरीज त्याला सहभागी व्हायला लावता येत नाही.

संमती आधी, उपासना नंतर, असा हा क्रम आहे. शाळांनी तो गुपचूप उलटा केला. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे संमती आहे.

नकार देण्याची मुभा ठेवली की भागते, असे वाटेल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅबिंग्टन या उपनगरी सरकारी हायस्कूलचे उदाहरण त्यासाठी पाहावे. तिथे रोज बायबलच्या दहा ओळी वाचल्या जात. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या सोहळ्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, एलरी शेंप या सोळा वर्षांच्या मुलाने त्या वेळात बसून मुकाट्याने कुराण वाचले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर कायद्यात दुरुस्ती होऊन पालकाच्या चिठ्ठीवर सूट मिळू लागली होती. एलरीच्या वडिलांनी ती घेतली नाही. आपली मुले शिक्षक आणि सोबत्यांच्या नजरेत विक्षिप्त ठरतील, असे त्यांनी साक्षीत सांगितले. १९६३ मध्ये न्यायालयाने सक्तीचे वाचन घटनाबाह्य ठरवले, सूट असूनही. धर्मांचा अभ्यास शाळेत जरूर व्हावा, असेही त्या निकालात आहे. आंबेडकरांनी पंधरा वर्षे आधी केलेला भेद तो हाच.

आपल्याकडे १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांना न्याय दिला. ती जेहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा प्रश्न २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी घटनापीठाकडे सोपवण्यायोग्य ठरवला.

दुसरी बाजूही भक्कम आहे, आणि ती याच मातीतली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावागावांत पोहोचली. जिथे पाणवठे वेगळे होते तिथे सगळ्या जाती एका बैठकीत बसल्या. एकत्र म्हटलेल्या चार ओळी माणसांना जोडतात, हे त्यांनी करून दाखवले. ते नाकारणे हा करंटेपणा होईल. पण मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात जाणारा आपल्या पायांनी जात होता. शाळेच्या मैदानावर हजेरी असते, आणि उशीर झाला तर फाटकाबाहेर उभे राहावे लागते.

नागपूर जिल्हा परिषदेने २००५ मध्ये वेगळा प्रयोग केला. तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांत संविधानाची उद्देशिका वाचायला सुरुवात केली. २०२० पासून ती राज्यभरातल्या परिपाठात आली. उद्देशिकेचीही पोपटपंची होते, यात शंका नाही. फरक एवढाच की तिच्याबद्दल नागरिकशास्त्राच्या तासाला शंका विचारता येते, आणि तसे विचारणारे मूल हुशार गणले जाते. प्रार्थनेबद्दल विचारणारे आगाऊ ठरते. त्यात गंमत अशी की विद्यार्थी आधी उद्देशिकेतले उपासनेचे स्वातंत्र्य मोठ्याने वाचतो आणि पुढच्याच मिनिटाला त्याला हात जोडायला सांगतात.

श्रद्धेला आज्ञा चालत नाही, हे भक्तिमार्गी माणसालाच सर्वांत आधी पटायला हवे. प्रार्थनेची काळजी असणाऱ्यांनीच तिला हजेरीतून सोडवले पाहिजे. परिपाठ राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिकेवर संपवावा. ज्यांना हवी त्यांच्यासाठी प्रार्थना घंटेआधी पाच मिनिटे ठेवावी. मग न येणाऱ्याला रांगेतून बाहेर पडावे लागणार नाही, चिठ्ठीही आणावी लागणार नाही. संमतीचे काम तर सोपे आहे. प्रवेश अर्जात धर्म, जात, मातृभाषा असे रकाने असतातच. कलम २८ ला हवा असलेला रकाना तेवढा सहसा नसतो. पुढच्या जूनचे अर्ज छापताना तो घालता येईल, आणि पालकाच्या सहीखाली नववी-दहावीतल्या मुलाची सही घ्यायलाही कायद्याची आडकाठी नाही.