संरक्षण कोणाचे?

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील गुप्तरोगांना आळा घातला पाहिजे, याविषयी सहसा दुमत नसते. मात्र तो कोणासाठी घालावयाचा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. गिऱ्हाइकासाठी, त्याच्या घरी असलेल्या पत्नीसाठी, की त्या स्त्रीसाठी? उत्तर बदलले की उपायही बदलतो, असे आमचे मत आहे.

इंग्रजी अमदानीत उत्तर उघड होते: गोऱ्या शिपायासाठी. 1864 चा छावण्यांचा कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटला'त अडकवून ठेवणे, अशी व्यवस्था लावून दिली. महू आणि बेळगाव ही छावणीची गावे आपल्या वाचकांना घरची आहेत. त्या इतिहासाकडे परकेपणाने पाहण्याची सोय आपल्याला नाही. रोग दोघांत असे, नोंद मात्र एकीचीच होई. विलायतेतील अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर यांनी चळवळ उभारली. तिकडचे कायदे 1886 मध्ये आणि इकडचा 1868 चा कायदा 1888 मध्ये रद्द झाला. तपासणी म्हणजे कैद, हे ज्यांना ठाऊक झाले त्या स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या होत्या. भयाने रोग हटत नाही, दृष्टीआड होतो एवढेच.

ही वृत्ती इंग्रजांबरोबर गेली, असे मात्र नव्हे. 1989 मध्ये गोव्यात रक्तदानाच्या वेळी एच्‌आय्‌व्ही आढळलेल्या डॉमिनिक डिसूझा यांना आरोग्य कायद्याच्या आधारे दोन महिन्यांहून अधिक काळ एका जुन्या क्षयरुग्णालयात एकांतात ठेवण्यात आले. ते देहविक्रय करणारे नव्हते. तरी दृष्टी तीच होती. रोगी म्हणजे रोगाचे भांडे, आणि भांडे झाकून ठेवावे.

कलकत्त्याच्या सोनागाचीत 1992 मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी कामास आरंभ केला, तेव्हा वस्तीतीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. तेथे लवकरच एक गोष्ट स्पष्ट झाली. निरोध वापरावा हे स्त्रियांना सांगून भागत नव्हते, कारण वापरावयाचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवी. नकार देणाऱ्या बाईचे त्या रात्रीचे उत्पन्न बुडे, वर दलालाचा मार आणि सावकाराचे व्याज. ज्ञान होते, नकाराची ऐपत नव्हती. म्हणून 1995 मध्ये स्त्रियांची संघटना आणि सहकारी पतसंस्था उभी राहिली. पतपेढी आणि उपदंश यांचा काय संबंध, असे एखाद्यास वाटेल. संबंध हाच की, गाठीला चार पैसे असलेली बाई हट्टी गिऱ्हाइकाला परत पाठवू शकते. सांगलीतही याच दशकात 'संग्राम' आणि पुढे स्त्रियांचीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांनी याच मार्गाने काम उभे केले. प्रारंभीच्या अवस्थेतील उपदंश पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होतो. अडचण औषधाची नव्हतीच.

एक आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. हे सारे करणे म्हणजे त्या व्यवसायाला मान्यता देणे नव्हे काय? आपल्या जुन्या घराण्यांतून तो अनेकदा ऐकू येतो आणि त्यामागे निव्वळ सोवळेपणाच असतो असे नाही. फसवून आणलेली अल्पवयीन मुलगी तेथे असेल, तर तिला निरोधाचे पाकीट देऊन कोणाचीही सुटका होत नाही. तिला तेथून बाहेरच काढले पाहिजे. पण ती आधी दिसते कोणाला? पोलिसांच्या धाडीच्या कितीतरी आधी शेजारच्या खोलीतील बाईला. सोनागाचीच्या स्त्रियांनी स्वतःचीच मंडळे नेमून अल्पवयीन व नाखुशीने आणलेल्या मुलींना हुडकावयास आरंभ केला, तो यामुळेच. व्यवसाय निंद्य मानणारानेही त्यातील माणसाला निंद्य मानावे, असे कोणत्या नीतिशास्त्रात सांगितले आहे?

2017 च्या एच्‌आय्‌व्ही कायद्याने संमतीवाचून तपासणी निषिद्ध ठरविली. छावणीच्या कायद्यांना हे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले म्हणावयाचे. निरोधाची गोष्ट याहूनही विचित्र. सरकारचे आरोग्य खाते जे पाकीट या स्त्रियांना वाटी, तेच पोलीस त्यांच्या पिशवीतून काढून गुन्ह्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवीत. आरोग्यरक्षणासाठी बाळगलेले साधन हा गुन्हाही नव्हे आणि पुरावाही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला 19 मे 2022 च्या आदेशात सांगावे लागले.