मीरा रोडच्या वसंतातला किमोनो

किमोनो घालून वसंतात फोटो काढायचे म्हटलं की साकुरा, म्हणजे चेरीचा बहर हवाच, असं सगळे गृहीत धरतात. मीरा रोडच्या शांती नगरमधली माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी मार्चमधल्या कॉस्प्ले शूटची आखणी करताहेत. खरेदीच्या यादीत विगच्या खालोखाल कापडी गुलाबी फुलांच्या फांद्या आहेत. त्यांची हौस मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच वाटतं की त्या फांद्या त्यांनी घेऊ नयेत.

किमोनो हा ऋतू पाळणारा पोशाख आहे. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये अगदी झिरझिरीत, अशी त्याची जुनी शिस्त. नक्षीचीही वेळ ठरलेली. साकुराची नक्षी झाडं फुलण्याच्या जरा आधी अंगावर घ्यायची. झाडं बहरली की त्यांच्याशी बरोबरी नको म्हणून जाणकार ही नक्षी टाळतात. संक्रांतीला काळी साडी नेसणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. बाहेर काय चाललंय याची दखल घेणाऱ्या या वस्त्राला मीरा रोडच्या उन्हात उभं करून मागे क्योटोचा एप्रिल लावला, तर शिवण कितीही बिनचूक असो, पोशाखाचा स्वभावच हरवतो.

भाची होणार आहे ‘डीमन स्लेयर’ या जपानी अॅनिमे मालिकेतली नेझुको. तिच्या गुलाबी किमोनोवर भांगेच्या पानांची, ‘असानोहा’ नावाची भौमितिक नक्षी असते. भांगेचं झाड सरळ आणि झपाट्याने वाढतं, म्हणून मूलही तसंच वाढावं या इच्छेने ही नक्षी जपानात लहानग्यांच्या कपड्यांवर घालत आले आहेत. २०१९ साली आलेल्या या मालिकेत नेझुकोची गोष्ट सुरू होते ती बर्फात, साकुराखाली नव्हे. कथेत खरं महत्त्व आहे जांभळ्या घोसांच्या फुजीला. राक्षस त्या फुलांना घाबरतात. शिनोबू ही योद्धा या फुलांच्याच विषाने राक्षस मारते, आणि या मुलींपैकी एक शिनोबूच होणार आहे. आपल्याकडे वसंतात नीलमणीची वेल अशाच जांभळ्या घोसांनी लवते. तिच्याखाली शिनोबू उभी असेल आणि राक्षस झालेली नेझुको चार पावलं दूर, तर फोटोत कथाही येते आणि इथला वसंतही.

बोरिवली तर मीरा रोडपासून दुसऱ्याच स्टेशनवर. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पळसाच्या केशरीसमोर तो गुलाबी किमोनो काय उठून दिसेल! परवानगीचं मात्र वनविभागाकडे आधी विचारून घ्यावं.

दुसऱ्यांचा पोशाख घालावाच का, असंही कोणी विचारेल. २०१५ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात मोनेच्या १८७६ मधल्या चित्रासमोर प्रेक्षकांना किमोनो घालून पाहू देणारा उपक्रम सुरू झाला. निदर्शनं झाली आणि तो आवरता घ्यावा लागला. पण उपक्रमाच्या बाजूने किमोनो घालून उभ्या राहिलेल्यांत जपानी स्त्रियाही होत्या. मला त्या स्त्रियांचं पटतं. घालावा, पण त्याचे नियम जाणून. नाटकातल्या पात्रासाठी आपण नऊवारीचा काष्टा नीट बसला की नाही हे पाहतो, तेवढी आस्था इथेही हवी.

म्हणून कापड चकचकीत सॅटिनचं नको, सुती घ्यावं. मार्चच्या दमट हवेत तेच सोसवतं. शूट सकाळी लवकर उरकावं, दहानंतर विगखाली डोकं तापतं. आणि डावी बाजू उजवीवर आली पाहिजे, कारण उलट नेसवतात ते फक्त मृताला. सेल्फीत पुष्कळदा डावं-उजवं आरशासारखं उलटतं, तेव्हा फोटो टाकण्याआधी प्रत्येक चित्रातली गळ्याजवळची घडी तपासावी आणि उलटी दिसली तर ते चित्र सरळ करून घ्यावं.